वाकलेल्या कंबरेची पाळी

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटू लागला, की पहाटेचा स्वयंपाक उरकून बाया रानाची वाट धरतात. कमरेला ओटी बांधायची, झाडाच्या उंचीप्रमाणे वाकायचे, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढून ओटीत टाकायचा, ओटी भरली की धुऱ्यावर नेऊन रिकामी करायची. मजुरी किलोवर असते, म्हणून हात थांबत नाही. या कामात पाठीच्या कण्यावर किती ताण येतो, नाडी किती वाढते, ओटीचे वजन खांद्यावर आले तर कंबरेला किती आराम पडतो, हे सगळे मोजता येते. काम, अवजार आणि जागा माणसाच्या शरीराला साजेशी कशी करावी याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ब्रिटनमध्ये या शास्त्राची संस्था १९४९ साली उभी राहिली. भारतात त्याची मुळे त्याआधीची आहेत. पण त्याची नजर कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत पोहोचायला फार वर्षे लागली. गिरणी कामगार, खाणकामगार, सैनिक, हमाल, नांगरकरी अशी एकेकाची पाळी आधी लागली. कोणाचे शरीर कधी मोजायला घेतले गेले आणि का, याचा हा इतिहास आहे.

गिरणीतला दमट उकाडा

सुताला कोरडी हवा सोसत नाही. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून कापडगिरण्यांत मुद्दाम ओलावा राखला जाई. मुंबईच्या उकाड्यात हा ओलावा मिसळला की घाम वाळत नसे आणि अंग थंड होण्याची वाटच बंद होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मुलखातून पोट भरायला आलेली हजारो माणसे या हवेत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभी असत. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने लहान मुलांच्या कामाचे तास नऊवर आणले, पण प्रौढ कामगाराच्या तासांना हात लावला नाही.

विश्रांतीचा प्रश्न शास्त्रज्ञांच्या आधी कामगारांनीच मांडला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाच्या वेळेला मर्यादा आणि अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. अर्ध्या तासाच्या विसाव्याने थकवा किती उतरतो, हे प्रयोगाने सिद्ध करणारी माणसे तेव्हा जगातही फारशी नव्हती.

ती पुढे आली पहिल्या महायुद्धात. दारूगोळ्याच्या कारखान्यांत तास वाढवूनही उत्पादन वाढत नाही, हे ब्रिटनमध्ये ध्यानात आले आणि १९१८ मध्ये तिथे औद्योगिक थकव्यावर संशोधन करणारे मंडळ नेमले गेले. त्याचे वारे हिंदुस्थानात उशिरा पोहोचले. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने देशभर फिरून साक्षी घेतल्या. कामगार नेते ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. याच सुमारास, १९३१ मध्ये, मद्रासमधल्या ई. डी. मेसन यांनी एफ. जी. बेनेडिक्ट यांच्यासह दक्षिण भारतीय स्त्रियांच्या विश्रांतीच्या अवस्थेतल्या चयापचयाची मोजमापे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था सुरू झाली आणि श्रमाच्या शरीरशास्त्राला देशात एक घर मिळाले.

या पहिल्या टप्प्यातले प्रश्न उष्णतेचे आणि उष्मांकांचे होते. कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातल्या सर्वांत खोल खाणींत मोडत. तिथल्या भयंकर उष्म्यात माणसाची काम करण्याची ताकद कशी घसरते, हे कॅप्लन आणि लिंडसे यांनी १९४६ च्या सुमारास तपासले. अभ्यासाला पैसा होता, कारण सोने खोल होते आणि माणूस लवकर थकत होता.

त्या काळात जिंतूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. परभणीला १९१८ मध्ये संस्थानाचे मुख्य प्रायोगिक शेत सुरू झाले होते. तिथे बियाणे, माती आणि पिके तपासली जात. पीक काढणारा माणूस हा अजून तपासण्याचा विषय झालेला नव्हता.

कारखाना, सैनिक आणि दप्तर

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा त्याने घातली. हवा, उजेड, उष्णता आणि उचलण्याचे वजन यांवरही त्यात कलमे होती. पण किती उष्णता जास्त आणि किती वजन अवजड, हे ठरवायला देशातली मोजमापे हवी होती. युरोपातल्या पोलाद कामगाराचे आकडे पाच फूट चार इंचाच्या भारतीय माणसाला कसे लागू करणार?

या गरजेतून मुंबईत केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली. १९५९ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये ती शीवच्या आजच्या इमारतीत गेली. पंचवार्षिक योजनांचा तो काळ होता. देशाचे सगळे लक्ष कारखान्यांवर होते, आणि संशोधनाचेही. सूतगिरणीतल्या कामगारांच्या शरीरातली ऊर्जा कोणत्या कामात किती खर्च होते, याचा बॅनर्जी, आचार्य, चट्टोपाध्याय आणि सेन यांचा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले रवींद्रनाथ सेन पुढे कलकत्ता विद्यापीठात या विषयाचे आधारस्तंभ झाले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली पिढी देशभर पसरली.

काम करणारा माणूस एकटा नसतो, तो गटात असतो, याकडे लक्ष वेधणारा एक प्रयोग तेव्हाच्या मुंबई राज्यात झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हते. एकेका कामगाराला एकेक तुटक काम देण्याऐवजी छोट्या गटाकडे मागांचा एक संच सोपवला, तेव्हा उत्पादन आणि कापडाची प्रत दोन्ही सुधारल्या. जगभरच्या व्यवस्थापनशास्त्रात हा प्रयोग आजही शिकवला जातो.

दुसरा मोठा ग्राहक लष्कर होते. संरक्षण खात्याची शरीरक्रियाशास्त्राची संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी चीनशी युद्ध पेटले आणि उंचीवर, थंडीत, पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या जवानाचे शरीर हा राष्ट्रीय महत्त्वाचा विषय झाला. ओझ्याच्या अभ्यासाचा परीघ किती चटकन वाढतो, हेही इथेच दिसले. मल्होत्रा आणि सेनगुप्ता यांनी १९६५ मध्ये शाळकरी मुलांनी दप्तर कसे वाहावे यावर निबंध लिहिला. तीच गोष्ट शासनादेशात यायला महाराष्ट्रात पन्नास वर्षे गेली. २१ जुलै २०१५ च्या शासन निर्णयाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असे बजावले.

ओझ्याचे दशक

सत्तरच्या दशकात संशोधक कारखान्याच्या फाटकाबाहेर आले. देशात माल माणसांच्या अंगावरूनच हलत होता. बंदरात, बाजार समितीत, रेल्वेच्या फलाटावर हमाल पोती वाहत होते. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने उचलण्याच्या ओझ्याला पंचावन्न किलोची शिफारस केली होती. आपल्याकडची धान्याची पोती क्विंटलाची असत.

१९७१ मध्ये एस. आर. दत्ता आणि एन. एल. रामनाथन यांचा निबंध आला. तीस किलोचे ओझे सपाट जमिनीवर सात पद्धतींनी वाहून त्यांनी प्रत्येकीला लागणारी ऊर्जा मोजली. पुढे-मागे सारख्या भाराची जोडपिशवी, डोक्यावर, पाठपिशवीत, शेर्पांसारखा कपाळाला पट्टा लावून, तांदळाच्या पोत्यासारखे पाठीवर धरून, कावडीने आणि दोन्ही हातांत अशा त्या सात तऱ्हा होत्या. जोडपिशवी सगळ्यांत हलकी ठरली. तिची ऊर्जा शंभर धरली तर डोक्यावरच्या ओझ्याला सुमारे १०३, कावडीला १२९ आणि हातांत धरलेल्या ओझ्याला १४४ लागली. ज्या पद्धतीला मागासलेली समजले जाई, ती डोक्यावरून वाहण्याची पद्धत ऊर्जेच्या हिशेबात जवळजवळ पहिली आली. हा निबंध जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. मात्र त्यात मोजली होती ऊर्जा. वर्षानुवर्षे डोक्यावर ओझे घेऊन मानेच्या मणक्यांचे काय होते, हा त्या प्रयोगाचा प्रश्न नव्हता.

त्यामागोमाग सेन आणि पी. के. नाग यांनी १९७५ मध्ये अवजड ओझी हाताळण्याच्या कामाच्या रचनेवर लिहिले. हातरिक्षा ओढण्याचा ऊर्जाखर्च १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७९ मध्ये साहा, दत्ता, बॅनर्जी आणि नारायणे यांनी सगळ्यांत व्यवहारी प्रश्नाला उत्तर दिले. भारतीय कामगाराने आठ तास किती जोराने काम केले तर ते त्याला झेपेल? शरीराच्या प्राणवायू घेण्याच्या कमाल क्षमतेच्या पस्तीस टक्के, नाडी मिनिटाला ११० आणि ऊर्जा मिनिटाला सुमारे १८ किलोज्यूल, अशी मर्यादा त्यांनी दिली. देशात श्रमाला पहिल्यांदाच देशी माप मिळाले.

त्या दशकात मराठवाड्यात सर्वांत जास्त ओझे वाहिले जात होते ते दुष्काळी कामांवर. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलावाची माती उपसायला आणि रस्त्यांवर मुरूम टाकायला गावेच्या गावे उतरली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामांवर मजुरीसाठी माप होते खोदलेल्या मातीचे. टोपली डोक्यावर घेऊन दिवसभर चढण चढणाऱ्या बाईची नाडी किती होते, हे मजुरीच्या दरपत्रकात कुठे बसत नव्हते.

दुष्काळाच्या त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. जिंतूरपासून चाळीसेक किलोमीटरवर असलेली ही संस्था पुढे या कहाणीत येणार होती.

मळणीयंत्र आणि रुमणे

शेतीकडे संशोधकांचे लक्ष वळले ते अपघातांमुळे. हरितक्रांतीने पंजाब-हरियाणात गव्हाचे ढीग वाढवले आणि ते मळायला स्वस्त यंत्रे गावोगाव आली. पेंढ्या हाताने आत सारताना बोटे, पंजे, कधी अख्खा हात ड्रममध्ये जाई. रात्री उशिरापर्यंत मळणी, पुरेसा उजेड नाही, अंगात थकवा, आणि यंत्राचे तोंड इतके आखूड की हात थेट दात्यांपर्यंत पोहोचे. भारतीय मानकाने १९७९ मध्ये पेंढी सारण्याची नळी किमान नव्वद सेंटिमीटर लांब आणि तिचा पंचेचाळीस सेंटिमीटर भाग झाकलेला असावा असे सांगितले. हे माप मुळात माणसाच्या हाताच्या लांबीवरून आले होते. १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. पुढे दिल्ली आयआयटीचे दिनेश मोहन आणि राजेश पटेल यांनी खेड्यांतल्या शेती अपघातांची पाहणी करून कडबा कापणाऱ्या यंत्रासारखी अवजारे सुरक्षित कशी घडवावीत, ते १९९२ मध्ये मांडले. अपघाताला बेफिकीर मजूर जबाबदार, या समजुतीला त्यांनी यंत्राच्या घडणीकडे बोट दाखवून उत्तर दिले.

अपघात एका क्षणाचा असतो, म्हणून तो दिसतो. रोजच्या श्रमाची झीज दिसायला आणखी काही वर्षे गेली. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था १९६६ मध्ये सुरू झाली होती. तिथे नाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये शेतमजुरांच्या कामांचा श्रमभार मोजून प्रसिद्ध केला. त्याआधीच्या वर्षी त्यांनी निंदणीच्या साध्या अवजारांची तुलना केली होती आणि पुढे १९८८ मध्ये विळ्यावरही काम केले. विळा, खुरपे आणि कोळपे यांना प्रयोगशाळेत जागा मिळाली.

भोपाळला १९७६ मध्ये केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था निघाली होती. एल. पी. गिते यांनी तिथे एक मूलभूत अडचण हातात घेतली. अवजारे कोणाच्या मापाची बनवायची? कपडे शिवताना माप घेतात, पण औताचे रुमणे, म्हणजे हातात धरायचा दांडा, सुतार अंदाजाने बसवतो आणि कारखान्यातले अवजार परदेशी आकड्यांवर बेतलेले असते. रुमणे फार खाली असले तर नांगरकऱ्याला दिवसभर वाकून चालावे लागते, फार वर असले तर दाब देता येत नाही. गिते आणि यादव यांनी १९८९ मध्ये शेती कामगारांच्या शरीरमापांची पाहणी मांडली. नांगराच्या रुमण्याची योग्य उंची कोणती, हा गिते यांचा निबंध १९९१ मध्ये आला. १९९६ मध्ये देशभरच्या विद्यापीठांना जोडून शेतीतल्या मानवी घटकांवर आणि सुरक्षिततेवर समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्याच्या कष्टातून २००९ मध्ये शेती कामगारांची ७९ शरीरमापे आणि १६ शक्तिमापे एका ग्रंथात आली. अवजार घडवणाऱ्याला पहिल्यांदाच घरच्या माणसांची मापे हाताशी मिळाली.

पण ती मापे तयार होईपर्यंत बैल मागे पडू लागले होते. नांगरणी, वखरणी, पेरणी ही पुरुषांची कामे ट्रॅक्टरकडे गेली. संशोधनही ट्रॅक्टरच्या आसनावर जाऊन बसले. भोपाळच्या सी. आर. मेहता आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ट्रॅक्टरचालकाच्या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निंदणी, वेचणी, सोंगणी बायांच्या हातातच राहिली.

बायांच्या कामाला माप

स्त्रियांच्या श्रमाकडे संशोधन वळले त्यामागे राजकारण आणि चळवळ होती. १९७४ मध्ये भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरच्या समितीने अहवाल दिला, १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष झाले, आणि १९८८ मध्ये इला भट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा श्रमशक्ती अहवाल आला. असंघटित क्षेत्रातली बाई ही कामगारच आहे, हे सरकारी कागदावर आले. भुवनेश्वरला शेतीतल्या स्त्रियांसाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ मध्ये निघाले.

परभणीच्या विद्यापीठात १९७६ मध्ये गृहविज्ञान महाविद्यालय सुरू झाले होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या गृहविज्ञानाच्या समन्वित प्रकल्पात परभणी हे केंद्र होते, आणि शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करणे हा त्यातला एक ठळक विषय. त्याच विद्यापीठात बैलांच्या शक्तीचा योग्य वापर या विषयाचाही समन्वित प्रकल्प होता. मराठवाड्यातल्या रानात राबणाऱ्या दोन्ही शक्तींचे मोजमाप एकाच आवारात होऊ लागले.

रानात मोजमाप करणे सोपे नव्हते. ऊर्जा मोजायची तर तोंडाला नळी आणि सोडलेला श्वास साठवायला पिशवी किंवा पाठीवर यंत्र लागे. निंदायला बसलेल्या बाईच्या अंगावर हे सगळे चढवले तर तिचे काम पूर्वीसारखे राहत नाही. या अडचणीवर वाट निघाली मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातून. एम. ए. वर्गीस यांनी साहा आणि अत्रेय यांच्यासह १९९४ मध्ये भारतीय स्त्रियांच्या नाडीवरून श्रमाची प्रतवारी ठरवणारी रीत दिली. नाडीच्या ठोक्यांना ०.१५९ ने गुणायचे आणि त्यातून ८.७२ वजा करायचे, की मिनिटाला खर्च होणारे किलोज्यूल मिळतात. नाडी ११० असेल तर उत्तर येते सुमारे ८.८. पुरुषांच्या १९७९ च्या अभ्यासात त्याच नाडीला १८ किलोज्यूल होते. दोन अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या आहेत, तरी इशारा स्पष्ट आहे. पुरुषाला बेताचे वाटणारे काम बाईच्या हृदयाला खूप आधी जड होते, आणि पुरुषाच्या मापाने ठरवलेली मर्यादा तिला लावली तर ती चुकीची ठरते. मनगटावर किंवा छातीला बांधायचे एक छोटे यंत्र आणि हे सूत्र एवढ्यावर गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनी शेतात जाऊन श्रम मोजू शकल्या.

या टप्प्यातली अवजारे साधी होती, आणि त्यांचे मोल त्या साधेपणात आहे. करवतीसारख्या दातांचा हलका विळा, उभे राहून चालवायचे सायकल कोळपे, हाताच्या साली वाचवणारे मका सोलणीचे नळकांडे, काटे आणि शेंगांची टोके टोचू नयेत म्हणून हातमोजे, खांद्यावर भार घेणारी वेचणीची पिशवी. सोयाबीन मराठवाड्यात पसरले तशी सोंगणी हे बायांचे नवे अवघड काम झाले, कारण वाळलेल्या झाडांच्या शेंगा हाताला ओरबाडतात. बसून निंदायचे काम उभ्याने करता आले की गुडघे आणि कंबर वाचते, हे सायकल कोळप्याने दाखवून दिले. रोपाच्या बुडातले तण मात्र खुरप्यानेच काढावे लागते, ही त्याची मर्यादाही रानातच कळली.

सुधारलेले अवजार घरात येणे हा वेगळा प्रवास ठरला. रोजाने किंवा गुत्त्याने जाणारी बाई स्वतःचाच विळा घेऊन जाते. तिचे श्रम कमी झाल्याचा पैशातला फायदा शेतमालकाला दिसत नाही, म्हणून तो अवजार घेत नाही. घरच्या शेतातही खरेदीचा निर्णय बहुतेकदा पुरुषाचा असतो. दात्यांचा विळा बोथट झाला तर गावच्या लोहाराला त्याला धार लावणे जमत नाही. याउलट तणनाशक एका हंगामात गावभर पसरले, कारण त्याने मजुरीचा खर्च वाचतो. निंदणीचे कष्ट त्याने कमी केले आणि निंदणीची मजुरीही.

खुर्ची आणि प्रश्नावली

नव्वदच्या दशकात देश बदलला आणि संशोधनाची दिशाही. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर सावरल्या नव्हत्या. ज्या गिरणी कामगाराच्या घामापासून हा विषय सुरू झाला, तो शहरातून नाहीसा होत होता. त्याच्या जागी संगणकासमोर बसणारा तरुण आला. मान, मनगट आणि पाठीचा खालचा भाग हे नवे शब्द झाले. बंगळुरूच्या दीपक शरण यांच्यासारख्या डॉक्टरांनी माहिती तंत्रज्ञानातल्या कर्मचाऱ्यांच्या दुखण्यांवर काम उभे केले. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक १९९७ मध्ये आले. मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात गौर गोपाल रे यांनी वस्तू घडवणाऱ्या पिढ्यांना हा विषय शिकवला.

साधनेही बदलली. उत्तर युरोपातली स्नायू व सांध्यांच्या दुखण्याची प्रश्नावली १९८७ मध्ये, आणि शरीराची ढब पाहून गुण देणाऱ्या ब्रिटिश पद्धती १९९३ व २००० मध्ये आल्या. कागद, पेन्सिल आणि कॅमेरा यांवर अभ्यास होऊ लागला. त्यामुळे महागडी प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयांनाही संशोधन करता आले, आणि वीटभट्टी, विणकर, सोनार, शिंपी, बांधकाम मजूर असे कितीतरी व्यवसाय पहिल्यांदा नोंदीत आले. दुसऱ्या बाजूने, कुठे दुखते याच्या याद्या वाढल्या आणि दुखणे थांबवणारे बदल करून पुन्हा मोजणारे अभ्यास मागे राहिले. एकेका कामाची ऊर्जा मोजणारी जुनी चिकाटी या घाईत पातळ झाली.

पुन्हा उष्णता

गेल्या दोन दशकांत वर्तुळ जुन्या प्रश्नाकडे वळले आहे. अहमदाबादच्या संस्थेतल्या नाग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पश्चिम भारतातल्या उष्णतेच्या ताणावर अहवाल लिहिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज दिला, की उष्णतेमुळे भारत २०३० मध्ये कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे काम गमावेल. गिरणीत आणि खाणीत भिंती होत्या, पंखे बसवता येत, हवा खेळवता येई. उघड्या रानात सावली, पाणी, कामाची वेळ आणि विसावा एवढेच उपाय आहेत, आणि ते चारही मजुरीच्या पद्धतीशी बांधलेले आहेत. किलोवर वेचणाऱ्या किंवा एकरावर गुत्ता घेतलेल्या बाईसाठी सावलीत बसलेला प्रत्येक क्षण तोट्याचा असतो.

उष्णता दुसऱ्या धोक्यालाही हात देते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, पण कीटकनाशकांची फवारणी सुटली नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मास्क, हातमोजे आणि अंगभर कोट घाला, असे सांगणे सोपे होते. पण दमट उकाड्यात, डोक्याएवढ्या उंच कापसात तो कोट अंगावर ठेवता येत नाही. संरक्षक पोशाख इथल्या हवेला आणि इथल्या शरीराला साजेसा बनवणे हे अर्गोनॉमिक्सचेच काम आहे.

शंभर वर्षांच्या या प्रवासातून एक गोष्ट उघड होते. विषय बदलले ते विज्ञान पुढे गेले म्हणून थोडे, आणि कोणाच्या थकव्याने कोणाचे नुकसान होते यावर जास्त. गिरणीमालकाला धागा, खाणीला सोने, लष्कराला चढाई आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कंपनीला संगणकावरचे काम हवे होते, म्हणून त्या शरीरांना पैसा मिळाला. हमालाची पाळी संघटनेमुळे लागली, मळणीवाल्याची कापलेल्या हातांमुळे, शेतकरी बाईची स्त्री चळवळीमुळे. फायदाही खरा झाला. श्रमाची देशी मर्यादा, देशी शरीरमापे, सुरक्षित मळणीयंत्र आणि स्त्रियांच्या श्रमाचे स्वतंत्र सूत्र ही त्या कष्टांची कमाई आहे, आणि तिच्यात मुंबई व परभणीचा वाटा ठसठशीत आहे.

आता जिंतूरसारख्या तालुक्यात पुढचा बदल दारात उभा आहे. सोयाबीनच्या काढणीला कापणी-मळणी यंत्रे येतात. कापूस यंत्राने वेचायचा तर झाडे बुटकी, दाट आणि एकाच वेळी फुटणारी हवीत, म्हणून दाट लागवडीचे प्रयोग विदर्भात सुरू आहेत. ते यशस्वी झाले तर वेचणीचे कष्ट संपतील आणि दिवाळीनंतर घरात येणारा पैसाही. तोपर्यंतचे हंगाम बायांच्या कंबरेवरच निघणार आहेत. त्या हंगामांत मोजण्यासारखे बरेच आहे. किलोच्या दराऐवजी तासाचा दर दिला तर नाडी किती उतरते, दुपारच्या उन्हात दोन तास काम थांबवले तर दिवसाची वेचणी खरोखर किती घटते, खांद्यावरची पिशवी मालकाने पुरवली तर ती किती बाया टिकवून वापरतात. मोजायचे सूत्र मुंबईत तयार झालेले आहे, मोजणारे विद्यापीठ चाळीसेक किलोमीटरवर आहे, आणि कापूस दरवर्षी वेळेवर फुटतो.